मुलांचे वेडेवाकडे दात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी दातांची डॉक्टर असल्याने आया मला दोन प्रश्न हटकून विचारतात. ‘दुधाचीच दाढ, किडली तर काढून टाकू ना?’ हा एक. आणि ‘दात वाकडे येताहेत, तार आत्ताच लावू का?’ हा दुसरा.

आधी दाढेचे सांगते. दुधाचे दात वीस. त्यांच्या मागे सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून पुष्कळजणी तिला दुधाचीच समजतात. दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि खालच्या नव्या दातांची जागा राखतात. त्यांतली एखादी अवेळी गेली, की मागची दाढ पुढे सरकते आणि नवा दात मिळेल त्या वाटेने वाकडा येतो. म्हणून कीड भरून घ्यावी. दाढ काढावीच लागली, तर जागा राखणारी कडी बसवावी का, ते विचारावे.

आता तार. आठव्या वर्षी वरच्या पुढच्या दातांत फट दिसली तर घाबरू नका. सुळे उतरले की ती बहुधा मिटते. पुढे आलेले दात लवकर हाती घेतले, तर पडल्या-झडल्यावर ते मोडण्याची भीती कमी होते, एवढा लाभ खरा. एरवी बारा-तेराव्या वर्षी एकदाच उपचार केले, तरी दात तितकेच चांगले बसतात.

मात्र तोंड मिटताना वरचे दात खालच्यांच्या आत जात असतील, तर थांबू नका. टाळूची मधली सांध पक्की होण्याआधी टाळू रुंद करणे सोपे असते. चार-पाच वर्षांनंतरही अंगठा सुटत नसेल, तरी दाखवा. अंगठ्याला मिरची मात्र लावू नका.

सातव्या वर्षी प्रत्येक मूल एकदा दाखवावे. दाखवले म्हणजे तार लागलीच, असे नव्हे. तार सुचवली, तर ‘आत्ताच का? थांबलो तर काय बिघडेल?’ असे निःसंकोच विचारा.

शेवटी एक विनंती. ‘हिचे लग्न कसे जमायचे?’ असे मुलीच्या देखत म्हणू नका. ती तोंडावर हात धरून हसू लागते, आणि ती सवय कुठल्याही तारेने सुटत नाही.