भाडेकरूला नोटीस: घरमालकाने काय करावे, काय करू नये

भाडेकरूने भाडे थकवले किंवा कराराची अट मोडली, तर घरमालकाने त्याला द्यायचा इशारा लेखीच असावा. त्यासाठी महाराष्ट्रात मुख्य आधार आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याचा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

भाडे थकले असेल, तर नोटीस बंधनकारक आहे. ती मिळाल्यावर ९० दिवस उलटल्याशिवाय थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही. जागेचे वर्णन, दरमहा भाडे, कोणत्या महिन्यापासून किती रक्कम येणे आहे, हे सारे नोटिशीत स्पष्ट लिहावे. नोटीस टपालाने पाठवता येते किंवा भाडेकरूच्या अथवा त्याच्या घरच्या माणसाच्या हाती देता येते. तसे शक्य नसेल, तर जागेच्या दर्शनी भागी चिकटवता येते. नोटिशीची प्रत आणि पोचपावती जपून ठेवावी. पुढे न्यायालयात तोच पुरावा ठरतो.

दावा लागल्यावरही भाडेकरूला एक संधी मिळते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी, तिच्यावर दरसाल १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला, आणि निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीसाठी त्याला घराबाहेर काढता येत नाही.

इतर कारणे निराळी आहेत. बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, सबळ कारण नसताना सलग सहा महिने जागा न वापरणे, यांवरून ताबा मागता येतो. मात्र स्वयंपाकाचा ओटा किंवा लाकडी पार्टिशन यांना कायदा पक्के बांधकाम मानत नाही. अशा दाव्यांपूर्वी भाडेपट्टा संपवण्याची वेगळी नोटीस लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७९ साली ठरवले. तरीही नोटीस द्यावी. भाडेकरूला चूक सुधारता येते आणि मालकाची तक्रार तारखेसह नोंदली जाते.

नोटिशीला दाद मिळाली नाही, तरी नळ किंवा वीज तोडू नये. सबळ कारणाशिवाय आवश्यक सोयी बंद करायला कायद्याची मनाई आहे. कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे हेही मार्ग नव्हेत. ताबा मिळवायचा तो न्यायालयामार्फतच. मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळू शकतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणून भाड्यावर संसार चालवणाऱ्या एकट्या स्त्रीने ही मदत जरूर मागावी. दोन्ही बाजू राजी असतील, तर वाद लोकअदालतीत मिटवता येतो. तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच बळ असते आणि त्यावर अपील नसते.