मोत्यांचे बेट



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची ही पहिलीच वेळ, चुकले तर सांभाळून घ्या.

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या भावाने मला व यांना दोह्याला बोलावले. दोहा ही कतार देशाची राजधानी. तिथे समुद्रात भर घालून ‘द पर्ल’, म्हणजे ‘मोती’ नावाचे बेट केले आहे. जमीन चार चौरस किलोमीटर आणि किनारा म्हणे 32 किलोमीटर! एका भागात व्हेनिससारखे कालवे, त्यांवर पूल, दोन्ही बाजूंना रंगीत घरे. धक्क्याला पांढऱ्याशुभ्र बोटी. दुकानातल्या किमती वाचून मी पिशवी घट्टच धरली.

धक्क्यावर चालता चालता हे थांबले. चप्पल काढून पायाने फरशीचा सांधा चाचपला आणि म्हणाले, “ही आम्ही बसवलेली.”

2006 ते 2008 हे तिथे फरशीकामाला होते. आमचा मुलगा तेव्हा पाळण्यात होता. एजंटाचे पैसे भरावयास माझ्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. एवढे मला ठाऊक होते. बाकीचे यांनी त्या दिवशी बाकावर बसून सांगितले. ठरल्याच्या निम्माच पगार हाती पडे. चौदा महिने नुसते कर्ज फेडण्यात गेले. पासपोर्ट मालकाच्या कपाटात, म्हणून परतताही येईना. फोनवर मात्र “मी मजेत आहे” एवढेच!

भाऊ म्हणाला, या समुद्रात पूर्वी खरे मोती निघत. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जात. ते मोती आपल्या मुंबईच्या बाजारात येत. कतारमध्ये 1966 पर्यंत रुपयाच चाले. पाणबुडे निघण्यापूर्वी घरखर्चासाठी उचल घेत आणि ती फिटता फिटत नसे. पुढे जपानात शिंपल्यांची लागवड करून मोती निघू लागले, आणि 1930 नंतर इकडचा धंदा बसला. ते ऐकताना मला माझ्या पाटल्या आठवल्या.

परदेशी जाऊ नका, असे मी म्हणत नाही. आमचे घर त्याच पैशावर उभे आहे. कायदेही सुधारले आहेत. नोकरी बदलण्यास मालकाच्या परवानगीची अट 2020 मध्ये निघाली. 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास तिथे बंदी आहे.

आता आमचा मुलगा जावयाचे म्हणतो. एजंट मोठी रक्कम मागतो आहे. मी सांगितले, “त्याचे नाव सरकारी यादीत नोंदलेले आहे का ते पाहा, पगाराचा आकडा लेखी घे. या खेपेस पाटल्या मिळणार नाहीत.” तो रुसला आहे. रुसू दे!

भगिनींनो, तुमच्या घरचे कोणी निघाले तर सहीपूर्वी करारपत्र मंडळात आणा. वाचून दाखवणाऱ्या शिकलेल्या भगिनी आपल्यात आहेत. आणि माणूस फोनवर “मजेत आहे” म्हणाला, तर आणखी एकदा विचारा. मी विचारले नव्हते.