राजा, कुंचला आणि फावला वेळ



सोलापूरहून बार्शीस जाणाऱ्या रस्त्यावर वैराग हें बाजारपेठेचें गांव आहे. अशा गांवांत एखादा मुलगा पाटीच्या मागल्या बाजूस बैल काढूं लागला, किंवा पांढऱ्या भिंतीवर कोळशानें घोडा उमटवूं लागला, म्हणजे घरांतील वडील माणूस त्यास हटकून एकच प्रश्न विचारतो, "चित्रें काढून पोट भरेल काय?" प्रश्न खोटा नाहीं. ज्या मुलुखांत पावसाचा भरंवसा नाहीं, तेथें बापानें मुलाच्या भाकरीचा विचार आधीं केला तर त्यास नांवें कोणीं ठेवावीं? परंतु या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक समज दडलेला असतो. तो असा कीं, जी विद्या पोट भरीत नाहीं तिच्यापायीं वेळ दवडूं नये. आणि फावल्या वेळांत केलेली कला ही कलाच नव्हे, ती नुसती करमणूक. हा समज कितपत खरा मानावा हें पाहण्यासाठीं एका पुरुषाच्या चित्रकलेची हकीकत आज सांगावयाची आहे. हा पुरुष चित्रकार होता, पण चित्रकला हा त्याचा धंदा नव्हता. त्याचा धंदा होता राज्य करण्याचा.

वैरागहून पंढरपूर, म्हसवड, दहिवडी अशा वाटेनें पश्चिमेस गेलें म्हणजे सातारा जिल्ह्यांत औंध लागतें. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशीं वसलेलें हें गांव पूर्वीं पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी होतें. संस्थान लहान, अवघीं बहात्तर गांवें, आणि तींही एका ठिकाणीं नसून सातारा, सांगली व विजापूर या बाजूंस विखुरलेलीं. या घराण्यांत २४ ऑक्टोबर १८६८ रोजीं भवानराव जन्मले. लोक त्यांस बाळासाहेब म्हणत. ते थोरले पुत्र नव्हते, त्यामुळें गादी आपल्याकडेच येईल असें धरून चालण्यासारखी स्थिति नव्हती. त्यांनीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत शिकून बी. ए. ची पदवी घेतली, वडिलांच्या हाताखालीं कारभाराचें काम केलें, आणि १९०९ सालीं, चाळिशी उलटल्यावर, ते गादीवर आले.

कारभार, न्याय, वसुली, दुष्काळ, इंग्रज सरकारशीं पत्रव्यवहार, हीं सर्व कामें लहान संस्थानिकासही चुकत नाहींत. त्याखेरीज बाळासाहेबांस तीन नाद होते. पहिला सूर्यनमस्काराचा. तो त्यांनीं स्वतः नेमानें चालविला, संस्थानच्या शाळांतून मुलांस शिकविला, आणि त्यावर पुस्तकें लिहून सातासमुद्रांपलीकडे नेला. दुसरा कीर्तनाचा. राजा असूनही ते स्वतः कीर्तनास उभे राहत. तिसरा नाद चित्रांचा. हे तिन्ही नाद वरवर वेगळे दिसले तरी त्यांचें मूळ एकच आहे. तिहींस रोजचा नेम लागतो, आणि तिन्ही दुसऱ्यास देतां येतात. जो नाद केवळ आपल्यापुरता राहतो त्यास छंद म्हणावें; जो दुसऱ्याच्या उपयोगीं पडतो त्यास विद्या म्हणण्यास हरकत नसावी.

आतां त्यांच्या चित्रांची रीति पाहूं. बाळासाहेब पंचवीस-तीस वर्षांचे होते तो काळ राजा रविवर्म्याचा होता. १८९४ सालीं रविवर्म्यानें मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला, आणि लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांचीं रंगीत चित्रें घरोघरीं भिंतीवर चढलीं. तोंपर्यंत सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें देव होते ते देवळांतील मूर्तींचे, किंवा चिताऱ्यांच्या सपाट रंगांतले. रविवर्म्यानें त्यांस हाडामांसाचें केलें. चेहऱ्यावर उजेड-सावली आली, वस्त्रास चुणी आली, मागें डोंगर दूर गेलेला दिसूं लागला. ही विलायती पद्धति मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंतही शिकवीत, आणि बाळासाहेबांची बैठकही मुख्यतः तीच. रविवर्म्याविषयीं त्यांस मोठा आदर होता. त्याचीं मूळ चित्रें त्यांनीं औंधास जतन केलीं.

परंतु आदर निराळा आणि अनुकरण निराळें. रविवर्म्याच्या कित्येक नायिका दक्षिणी पद्धतीचें नऊवारी लुगडें नेसतात. चित्र म्हणून तें मनोहर दिसतें. पण द्रौपदी नऊवारी नेसत होती काय? रामाच्या सभेंत कोणत्या घाटाचे मुकुट होते? अर्जुनाचा रथ कसा होता, धनुष्य केवढें होतें? पुराणिकास हे प्रश्न पडत नाहींत, कारण तो शब्दांनीं सांगतो आणि ऐकणारा आपल्या मनांत हवें तें वस्त्र नेसवितो. चित्रकाराची मात्र सुटका नाहीं. त्यास कांहीं तरी नेसवावेंच लागतें, आणि जें नेसवील त्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर सांची-भरहूतच्या शिल्पांकडे आणि अजिंठ्याच्या भिंतींकडे वळावें लागतें. तेथें राजे, दासी, व्यापारी, सैनिक, हत्ती, रथ, दागिने, भांडीं, सर्व कांहीं त्या काळच्या कारागिरांनीं डोळ्यांनीं पाहून कोरलें वा रंगविलें आहे. बाळासाहेबांनीं वेरूळ-अजिंठ्याचा अभ्यास केला तो यात्रेकरूप्रमाणें नव्हे. वेरूळवरील त्यांचें पुस्तक १९२९ सालीं व अजिंठ्यावरील १९३२ सालीं प्रसिद्ध झालें. राज्य चालविणारा मनुष्य लेण्यांच्या अंधारांत वस्त्राची एकेक घडी न्याहाळीत उभा राहतो, हें दृश्य क्षणभर डोळ्यांपुढें आणावें, म्हणजे फावला वेळ या शब्दाचा अर्थ बदलूं लागतो.

१९१६ सालीं त्यांचें चित्ररामायण निघालें होतें. रामकथा चित्रांनीं सांगावी, म्हणजे अक्षर न येणाऱ्यासही ती वाचतां यावी, हा त्यांतील भाव. परंतु त्यांच्या हातून झालेलें सर्वांत मोठें काम महाभारताचें. पुण्यास १९१७ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. त्याच्या पुढल्याच वर्षीं बाळासाहेबांनीं महाभारताची संशोधित व सचित्र आवृत्ति काढण्यासाठीं एक लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. बहात्तर गांवांच्या धन्यास ही रक्कम थोडी नव्हती. पुढें १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं संपादनाची धुरा घेतली, आणि आदिपर्वाचा ग्रंथ १९३३ सालीं पूर्ण झाला. या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर संपादकाच्या नांवाबरोबर चित्रकार म्हणून औंधच्या अधिपतींचें नांव आहे, आणि चित्रें प्राचीन नमुन्यांवरून काढलीं आहेत असा स्पष्ट उल्लेख आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. सुखठणकरांचें काम काय होतें? काश्मीरपासून केरळापर्यंतच्या निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखितें एकमेकांशीं ताडून पाहावयाचीं, मागाहून घुसडलेले श्लोक बाजूस काढावयाचे, आणि जुन्यांत जुना पाठ कोणता तो ठरवावयाचा. चित्रकाराचें कामही त्याच जातीचें झालें. मागाहून चढलेला मोगलाई जामा, पेशवाई पगडी, दक्षिणी लुगडें बाजूस ठेवावयाचें, आणि जुन्यांत जुना पेहराव कोणता तो शिल्पांवरून ठरवावयाचा. पंडितानें शब्दाचा पाठ शोधला, राजानें वस्त्राचा. एकाच ग्रंथांत दोघे एकाच शिस्तीनें वागले. अठराही पर्वांची ही आवृत्ति १९६६ सालीं, एकोणीस ग्रंथांत पुरी झाली. तोंवर सुखठणकर १९४३ सालीं आणि बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ रोजीं निवर्तले होते. आपण आरंभिलेलें काम पुरें झालेलें पाहण्याचें दोघांच्याही नशिबीं नव्हतें. पण काम थांबलें नाहीं.

जाणकारास बाळासाहेबांच्या चित्रांत उणिवा दिसतील. कोठें आकृति नाटकांतील पात्रांप्रमाणें ताठ उभ्या आहेत, कोठें प्रसंगाचा आवेश हातवाऱ्यांतच संपतो. रंगाची जी सहजता जन्मभर दुसरें कांहीं न करणाऱ्या चित्रकारास साधते ती येथें सर्वत्र नाहीं. हें मान्य करण्यांत कमीपणा नाहीं. स्वतःच्या मर्यादा त्यांस ठाऊक असाव्या असें त्यांच्या संग्रहावरूनच दिसतें. ज्यास आपलेंच चित्र श्रेष्ठ वाटतें तो दुसऱ्याचीं चित्रें जमवीत नाहीं. बाळासाहेबांनीं औंधच्या डोंगरावर १९३८ सालीं श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारलें. त्यांत रविवर्मा, धुरंधर यांचीं चित्रें आहेत, बंगाली संप्रदायाचीं आहेत, युरोपांतील थोर चित्रांच्या प्रतिकृति आहेत, आणि हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकारानें घडविलेली माता व बालक यांची दगडी मूर्तिही आहे. मुंबई-पुण्याच्या धनिकांस जें पाहावयास मिळत नसे तें माणदेशच्या धनगरास देवीच्या दर्शनास जातां जातां पाहावयास मिळूं लागलें.

गुणी माणसाभोवतीं गुणी माणसें जमतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुळांत चित्रकार होण्यासाठीं मुंबईच्या कलाशाळेंत गेले होते. रंग ओळखण्यांत दृष्टि दगा देते असें आढळल्यावर त्यांनीं कुंचला ठेवून यंत्रांचीं रेखाचित्रें हातीं घेतलीं आणि तीं शिकविलींही. पुढें त्या रेघांतूनच लोखंडी नांगर जन्मास आला. त्यांस कारखान्यासाठीं जागा हवी होती, ती १९१० सालीं बाळासाहेबांनीं आपल्या संस्थानांत दिली, तीच किर्लोस्करवाडी. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही कलाशाळेंत शिकलेले चित्रकार. हैदराबाद व लाहोर येथें चित्रें काढून त्यांनीं चरितार्थ चालविला, आणि पुढें औंधास येऊन वेदांच्या अध्ययनास व प्रकाशनास वाहून घेतलें. एकाचा कुंचला कारखान्यांत विरला, दुसऱ्याचा वेदांत विरला, तिसऱ्याचा राज्यकारभाराच्या कडेकडेनें चालत राहिला. चित्रकलेनें तिघांसही जें दिलें तें एकच: वस्तूकडे नीट पाहण्याची संवय.

येथें वैरागचा तो बाप म्हणेल, "तो राजा होता. त्यास भाकरीची चिंता नव्हती. आमच्या पोरानें त्याचा कित्ता कसा गिरवावा?" आक्षेप योग्य आहे आणि त्यास उत्तर द्यावयास हवें. राजाचा पैसा शेतकऱ्याच्या मुलाकडे नाहीं, संग्रहालय बांधणें त्यास शक्य नाहीं. परंतु ज्या संपत्तीच्या जोरावर बाळासाहेब आज स्मरणांत आहेत ती संपत्ति ही नव्हेच. त्यांचें राज्य तर त्यांच्या हयातींतच गेलें. १९३९ च्या जानेवारींत त्यांनीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें राज्यघटना करवून आपण होऊन सत्ता प्रजेच्या हातीं दिली, आणि १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. गादी गेली, निशाण उतरलें, दरबार उठला. मागें उरलें तें जें त्यांनीं कारभारांतून वेळ काढून केलें तेंच: महाभारताचीं चित्रें, डोंगरावरचें संग्रहालय आणि मुलांचे नमस्कार. धंदा मावळला आणि फावल्या वेळचें काम टिकलें. यापेक्षां त्या समजास निराळें उत्तर काय हवें?

आणि हा कित्ता राजवाड्याबाहेरही गिरविला गेला आहे. त्याच संस्थानांतील माडगुळें गांवीं जन्मलेले व्यंकटेश माडगूळकर कांहीं राजपुत्र नव्हते. त्यांनीं पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर वर्षानुवर्षें नोकरी केली, कथा-कादंबऱ्या लिहिल्या, आणि वेळ मिळेल तेव्हां पक्षी, झाडें, जनावरें, माणसें रेखाटलीं. त्यांच्या लिखाणांत मेंढक्याची काठी कशी टेकलेली आहे, सावली कोणत्या बाजूस पडली आहे, हें इतकें स्पष्ट दिसतें, कारण लेखणी धरणारा हात पेन्सिलही धरणारा होता. रेखाटनानें त्यांस भाकर दिली नसेल, पण भाकरीच्या कामास डोळे दिले.

म्हणून मुलाच्या हातून कोळसा काढून घेण्यापूर्वीं बापानें थोडें थांबावें. त्याच्या गणिताची, पिकाची, नोकरीची काळजी अवश्य करावी. पोट भरण्याची विद्या त्यानें शिकलीच पाहिजे. मात्र संध्याकाळचा एक तास त्याचा त्यास द्यावा, आणि त्या तासाचा नेम मोडूं देऊं नये. भिंतीवरचा बैल पाहून त्यास एवढेंच विचारावें, "याचें वशिंड कोठें आहे? शिंगें कोणत्या बाजूस वळलीं आहेत? गोठ्यांत जाऊन पुन्हां एकदां पाहून ये." मुलगा गोठ्यांत जाईल, पाहील, परत येऊन शिंगें पुसून पुन्हां काढील. लेण्यांतील वस्त्राची घडी न्याहाळणाऱ्या राजानें याहून निराळें कांहीं केलें नव्हतें.