आजीच्या भजनाची चाल कुणाची? टिळक, सांगळे आणि आपण

मी कोल्हारहून बोलतेय, प्रवरेच्या काठचं, भगवतीमातेचं कोल्हार. मधेच उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, आमचं घर नगर-मनमाड रोडला अगदी लागून आहे.

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं, चर्चमध्ये आपण जी मराठी भजनं म्हणतो ती लिहिली कुणी? आज त्यावर बोलू. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण हा एपिसोड त्या चुकीमुळेच होतोय.

माझी आजी राहुरीकडची. पहाटे चुलीपाशी बसून ती टिळकांचं एक भजन म्हणायची. तेच भजन चर्चमध्ये कीबोर्डवर वेगळ्या चालीत म्हणतात. मी एकदा तिला म्हटलं, "आजी, तुझी चाल चुकते." ती हसली. म्हणाली, "आगं, ही जात्यावरची हाय. माझ्या सासूनं शिकवली. चाल काय पुस्तकात ऱ्हाती व्हय?"

गेल्या वर्षी आजी गेली. माझ्या फोनमध्ये तेव्हा हजारो फोटो होते, रील्स होते, मांजराचे व्हिडिओ होते. आजीच्या गाण्याची मात्र चाळीस सेकंदांची एकच क्लिप सापडली, तीही एका लग्नातली. त्यात पंगतीतल्या भांड्यांचाच आवाज जास्त आहे. फोन रोज हातात होता, आजी रोज समोर होती, आणि मी रेकॉर्ड केलं नाही. असो.

आता टिळकांकडे येऊ. नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. घरचं वातावरण कर्मठ ब्राह्मणी. स्वतः संस्कृत जाणणारे, कवी, आणि एका जागी न टिकणारे. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ ला, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितलंही नाही!

बायको म्हणजे लक्ष्मीबाई. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. या बातमीने त्यांचं काय झालं असेल, कल्पना करा. पुढची चार-साडेचार वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या मुलाला घेऊन नगरला आल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलंय. वाचलं नसेल तर जरूर वाचा, हसता हसता डोळ्यांत पाणी येतं. नवऱ्याच्या हातात पैसा कसा टिकत नसे, हे तर त्यांनीच सांगावं.

नगरनंतर टिळक कुटुंब काही वर्षं राहुरीला होतं. म्हणजे इथून एसटीने अर्ध्या-पाऊण तासावर! आपण शाळेत 'बालकवी' शिकलो ना, ते त्र्यंबक बापूजी ठोंबरेसुद्धा टिळकांच्या नगरच्या घरी घरच्यासारखे राहिलेले. मोठ्या लेखकांची घरं पुण्या-मुंबईतच असतात असं मला बरेच दिवस वाटायचं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

टिळकांनी गाण्यात नेमकं काय केलं? नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. मिशनरी आपल्या चाली घेऊन आले आणि त्यात मराठी शब्द बसवले गेले. अडचण अशी की इंग्रजी गाणं शब्दावरच्या आघातावर चालतं आणि मराठी गाणं ऱ्हस्व-दीर्घावर. परक्या चालीत 'प्रभु'मधला 'भु' लांबवावा लागतो आणि 'देवा'मधला 'वा' घाईघाईत गिळावा लागतो. म्हणून बघा एकदा, लगेच कळेल.

टिळक अभंगाकडे गेले. मोठ्या अभंगाचं गणित सोपं असतं. चार तुकडे, अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याला. मात्रा मोजायची भानगड नाही. टाळ हातात घ्या आणि म्हणा. शेतात राबणारी बाई, अक्षर न ओळखणारा म्हातारा, कुणालाही दोनदा ऐकून पाठ होतं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणायचे. त्यांच्या 'अभंगांजली'चं नावच बघा ना!

टिळक हे काही पहिले नव्हेत हं. त्यांच्या आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे होऊन गेले, १८३४ ते १९०८. नगरच्या मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन आणि देशी चालीतली भजनं टिळक यायच्या आधीच सुरू झाली होती. सांगळ्यांचं नाव आज आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं.

आता मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट ऐका. टिळकांच्या एका भजनाचं इंग्रजी भाषांतर निकोल मॅक्निकल या स्कॉटिश मिशनऱ्याने केलं आणि ते परदेशातल्या गीतपुस्तकांत गेलं. पण तिकडे ते तिकडच्याच चालीवर म्हणतात. म्हणजे शब्दांचा अर्थ गेला, चाल इथेच राहिली. सांगळ्यांच्या भजनाचं भाषांतर नगरचे मिशनरी आल्डन क्लार्क यांच्या नावावर आहे. ते परदेशी पुस्तकांत छापलं गेलं ते चालीसकट. चालीचं नाव रोमन लिपीत लिहिलंय, 'तन मन धन'! आणि संगीतकाराच्या जागी काय लिहिलंय? 'मराठी चाल'. बास. माणसाचं नाव नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. 'अमेझिंग ग्रेस' सगळ्यांनी ऐकलं असेल. शब्द जॉन न्यूटनचे, जो आधी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. ते १७७९ ला छापले गेले. आज जी चाल आपण ऐकतो ती त्या शब्दांना १८३५ मध्ये विल्यम वॉकरने आपल्या पुस्तकात जोडली. मूळ चाल कुणाची, पत्ता नाही. पण तिकडे निदान चाल स्वरलिपीत छापली गेली. गाणारा गेला तरी कागदावरून ती परत उभी करता येते.

आपल्या जुन्या गाण्यांच्या पुस्तकांत वर एक ओळ असायची, 'चाल : अमुक गाण्याची'. ते अमुक गाणं ज्याला येतं त्यालाच ती चाल कळणार. तो माणूस गेला की ओळ नुसती शाई. मग कीबोर्डवाला दादा नवी चाल लावतो. त्याला दोष नाही, त्याला जुनी ऐकायलाच मिळालेली नसते.

लक्ष्मीबाईंचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचं ओवीबद्ध महाकाव्य सुरू केलं होतं. दहा-अकरा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ ला ते गेले. अर्धवट काम तसंच पडून राहिलं असतं. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, लिहा-वाचायला लग्नानंतर घरीच शिकल्या. त्यांनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्याही गेल्या आणि ग्रंथ १९३८ ला छापून आला. कुठलीही पदवी नसलेल्या बाईने, हातात जे होतं तेवढ्यावर, मागचं काम पुढे नेलं.

आपल्या हातात तर फोन आहे.

मी काय केलं ते सांगते. आजीची जाऊबाई शेजारच्या गावात असते. तिला चाल आठवते, शब्द नाही. शब्द पुस्तकात मिळाले. मी वाचून दाखवत गेले आणि ती म्हणत गेली. दोन कडवी जमली. तिसऱ्याला ती थांबली, म्हणाली, "इथं तुझी आजी वर जायची, मला नाय जमत." ती लग्नातली क्लिप पन्नास वेळा ऐकली, पण नेमकी ती जागा त्यात नाही. तिसरं कडवं अजून अडलेलंच आहे.

तुमच्या घरी कुणी म्हणणारं असेल तर या रविवारी एवढंच करा. फोन फ्लाइट मोडवर टाका, उशीवर ठेवा, पंखा बंद करा. हार्मोनियम, ढोलकी काही नको, नुसता आवाज. पूर्ण गाणं होईपर्यंत मधे बोलू नका. झाल्यावर विचारा, कुणाकडून शिकलात, कुठल्या गावी, कुठलं काम करताना म्हणायचात. तेही रेकॉर्ड करा आणि फाइलला नाव, गाव, तारीख द्या, नाहीतर 'ऑडिओ शून्य शून्य सात' म्हणून हरवून जाईल. आणि घरात ज्येष्ठ कुणी म्हणालं, "माझा काय आवाज राहिलाय आता", तर ऐकू नका. चाल आवाजात नसते, आठवणीत असते.

कॉपीराइटची काळजी करणाऱ्यांसाठी सांगते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. टिळक-लक्ष्मीबाईंच्या शब्दांची ती मुदत केव्हाच संपलीय. बिनधास्त म्हणा, बिनधास्त शेअर करा. फक्त गाणाऱ्या आजीला विचारून.

ख्रिस्तीच असायला हवं असं काही नाही बरं का. जात्यावरची ओवी असो, काकड्याचा अभंग असो, भगवतीची आरती असो, चालीचं दुखणं सगळीकडे एकच आहे.

चला, आज इथेच थांबते. आणि राहुरीकडचं कुणी ऐकत असेल, घरी ती जात्यावरची चाल कुणाला येत असेल, तर मला एक व्हॉइस नोट नक्की पाठवा. तिसरं कडवं हवंय मला. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!