स्कॉटलंडचे विणकर आणि आपली कोयरी
(विणकर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या आयाबहिणींच्या पदरावर जी कोयरी असते, तिला विलायतेंत 'पेस्ली' म्हणतात. पेस्ली हें स्कॉटलंडांत ग्लासगोजवळचें विणकरांचें गांव. पण कोयरी तिथली नव्हे. ती काश्मीरच्या शालींवरून गेली. काश्मिरी कारागीर लहान लांकडी कांड्यांनीं एकेक रंग गुंफीत बसे. चांगल्या शालीला वर्ष वर्ष लागे. किंमत अर्थात् भारी. म्हणून सुमारें १८०५ पासून पेस्लीच्या मागांवर तिची स्वस्त नक्कल निघूं लागली. ज्यानें कला काढली त्याचें नांव गेलें, नकलेचें राहिलें!

बरें, नक्कल करणारा तरी सुखी झाला काय? मागाशीं दोऱ्या ओढायला पोरें उभीं असत. पुढें भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांचा जकार्ड माग आला आणि तें काम पुठ्ठ्यांनीं केलें. धंदा एका शालीच्या शोकावर टांगलेला. १८४१ पासून मंदी आली, कारखानदारांचीं दिवाळीं निघालीं, आणि माग असून विणकर धर्मादाय अन्नाच्या रांगेंत उभा राहिला. १८४२ सालीं राणी व्हिक्टोरियानें पेस्लीच्या शाली विकत घेतल्या. तेवढ्यानें गांवाचें पोट कसें भरणार? १८७० च्या सुमारास बायांच्या पोषाखाची तऱ्हाच बदलली आणि शाल संपली. त्याच सुमारास फ्रान्स-जर्मनीच्या लढाईनें काश्मीरचें गिऱ्हाईकही बुडालें. दोघे विणकर एकाच वाऱ्यानें पडले.

तो विणकर मुकाट्यानें सोसणारा मात्र नव्हता. १७८७ सालीं ग्लासगोलगतच्या कॅल्टन गांवीं व्यापाऱ्यांनीं मजुरी चौथाईनें उतरविली. विणकरांनीं माग बंद ठेवले. जे कमी मजुरीवर बसले त्यांच्या मागांवरचें कापड संपवाल्यांनीं कापून टाकलें. हें बरें केलें असें मी म्हणत नाहीं. ३ सप्टेंबरला पलटणीनें गोळ्या झाडल्या व सहा विणकर मेले. जेम्स ग्रेंजर नांवाच्या पुढाऱ्यास पुढच्या सालीं फटके मारून सात वर्षें हद्दपार केलें.

आतां फेनिक गांवची गोष्ट. तीसाठींच मी आज उभा आहें. १७६१ सालीं तिथल्या विणकरांनीं चर्चमध्यें जमून लेखी करार केला: काम चोख करावें, दाम वाजवी घ्यावा. वर्गणीचा निधि सांचला. १७६९ सालीं त्या पैशांतून त्यांनीं ओटचें पीठ एकदम घेतलें आणि सभासदांना बाजाराहून स्वस्त विकलें. सहकारी दुकानाचें श्रेय लोक इंग्लंडांतील रॉचडेलला देतात, पण तें दुकान १८४४ चें! फेनिकच्या मंडळींत कोणी सावकार नव्हता, कोणी पंडित नव्हता. १८०८ सालीं त्यांनीं वाचनालयही काढलें.

विणकराला वाचन कुठून आलें? प्रत्येक पॅरिशमध्यें शाळा असावी व तिचा खर्च जमीनदारांनीं द्यावा, असा कायदा तिकडे १६९६ सालींच झाला होता. पेस्लीचा रॉबर्ट टॅनाहिल मागावर बसूनच गाणीं रची. आपल्याकडे मात्र सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठीं जोतीराव फुल्यांना १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दाद मागावी लागली; आणि शेतकऱ्याच्या पैशावर वरच्या शाळा कोण शिकत होते, हें तुम्हांला सांगायला नको.

कोणी विचारील, हातमाग आतां तिकडे उरला आहे काय? उरला आहे. हॅरिस ट्वीड हें लोंकरी कापड पश्चिमेकडील बेटांवर विणकराच्या घरींच, पायानें चालविलेल्या मागावर विणलें पाहिजे, असा कायदा १९९३ सालीं झाला. सूत गिरणीचें चालतें, पण गिरणी त्याच बेटांवरची हवी. तपासून शिक्का बसल्याशिवाय तें नांव लावतां येत नाहीं.

आपल्या सूत-सोसायटीची वही टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर नियम लिहिले आहेत. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना शेजाऱ्यानें मोठ्यानें वाचून दाखवावे, आणि मगच अंगठा घ्यावा.