खोळंब्यातला विनोद



आजचा विषय ऐकून कोणी मनात म्हणाले असेल, की रस्त्यावरचा खोळंबा ही काय हसण्याची गोष्ट आहे? नसेल, पण हसल्यावाचून ती पुष्कळदा सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

गोंदिया हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील मोठे जंक्शन. तेव्हा फाटकाशी आपले जुने सख्य. फाटक पडले, की आपण आपल्या बाजूचा रस्ता भरतो आणि तो भरला की समोरून येणाऱ्यांचाही भरून टाकतो. रुळांपलीकडची मंडळीही आपल्याइतकीच हुशार! मग फाटक उघडते आणि शंकरपटातल्या जोड्या समोरासमोर सोडाव्यात, तशा दोन्ही फौजा धावतात व नाकाला नाक लावून उभ्या राहतात.

एकदा ऐन लग्नसराईत मी असा अडकलो होतो. एस.टी., ट्रॅक्टर, तणसाची बैलगाडी आणि मोटारीत घामाघूम झालेला नवरदेव. सारे भोंगे एकदम वाजत होते. तेवढ्यात तणसावर बसलेले म्हातारबुवा फाटकवाल्याला ओरडून म्हणाले, "बाबू, फाटक पुन्हा लाव गा! बंद होतं तवा निदान रेलगाडी तरी जात होती!"

सगळे खो-खो हसले. हसताना भोंगा वाजवता येत नाही, भोंगे थांबले. आणि तेव्हा कुठे मागच्या रुग्णवाहिकेचा आवाज आम्हाला ऐकू आला. तो केव्हापासून येत होता, देव जाणे. पहिली मागे सरली ती नवरदेवाची मोटार.

रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ साली कायद्यात झाली. पण आवाजच ऐकू आला नाही, तर कायदा बिचारा काय करणार?

आपण दोष नेहमी पुढच्याला देतो. जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर घेराच्या वर्तुळात २२ मोटारी सारख्या वेगाने फिरवायच्या होत्या. ना फाटक, ना बैलगाडी. तरी थोड्याच वेळात खोळंबा झाला! एकाने वेग जरा कमी केला, मागच्याने त्याहून अधिक केला, आणि शेवटी कोणी तरी थांबलाच. आता सांगा, वर्तुळात पुढचा कोण? ज्याला आपण शिव्या देतो, तो आपल्याच मागेही असतो.

आपल्या विदर्भाचे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 'सुदाम्याचे पोहे' वाढून महाराष्ट्राला स्वतःच्या खोडींवर हसायला शिकवले. दुसऱ्यावर हसणारा भोंगा वाजवीत राहतो. स्वतःवर हसणारा गाडी हातभर मागे घेतो. त्या हातभर जागेतून कधी एखाद्याचा जीव पुढे जातो.

असो. व्याख्यान संपले आहे. फक्त सर्वांनी एकदम दाराशी धावू नये. नाही तर मला पुन्हा उभे राहून बोलावे लागेल!