समुद्रातले काँक्रीट आणि आपला स्लॅब

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला ‘बांधकामावर काहीतरी बोला’ असे सांगितले. आम्ही सरकारी खात्यातले उपयंत्री, शिक्षण डिप्लोमाचे. भाषणापेक्षा मोजमाप पुस्तिकेची सवय जास्त. चूकभूल पोटात घालावी. बुऱ्हाणपुरात समुद्र नाही, तापी आहे. तरीही आज बंदरातल्या काँक्रीटबद्दल बोलणार आहोत. का, ते शेवटी कळेल.

मुंबईचा गेटवे ऑफ इंडिया आपण पाहिलाच असेल. १९१३ मध्ये पायाचा दगड बसला, १९२४ च्या डिसेंबरात उद्घाटन झाले. बाहेरून पिवळसर बेसॉल्ट दिसतो, पण त्यात सळईचे काँक्रीटही आहे. त्याआधीच्या गोद्या, म्हणजे १८७५ चा ससून डॉक, १८८० चा प्रिन्सेस डॉक, दगडी. सिमेंट तेव्हा जहाजाने विलायतेहून यायचे. १९१४ मध्ये पोरबंदरला आणि मग आपल्याच कटनीला कारखाने निघाले.

जगभर धक्क्यांचे खांब लाकडाचे असत, आणि समुद्रात लाकूड पोखरणारा एक किडा असतो. दिसायला अळी, पण जात शिंपल्याची. तो चांगला खांब आतून चाळणी करून टाकतो. म्हणून फ्रान्सच्या एनबीक यांनी १८९२ मध्ये सळईच्या काँक्रीटचे पेटंट घेतल्यावर बंदरवाले त्याकडे आशेने वळले. किडा खात नाही, जळत नाही, कुजत नाही, मग काय हवे?

अमेरिकेत सांता मोनिकाला १९०९ मध्ये काँक्रीटच्या खांबांवर लांबलचक धक्का उभा राहिला. दहा वर्षांत तो खचू लागला. शेवटी काँक्रीटचे खांब जाऊन पुन्हा लाकडाचेच आले, फक्त क्रिओसोट तेल मुरवलेले!

लाटांनी तो मोडला नव्हता. सिमेंटच्या आत सळई सुरक्षित असते, कारण तिथे चुन्यासारखा क्षारपणा असतो आणि सळईवर गंज धरत नाही. पण खारे पाणी बारीक छिद्रांतून आत गेले की मिठाने ते कवच फुटते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि वरचे काँक्रीट आतूनच फोडतो. सर्वात वाईट जागा खोल पाण्यातली नव्हे. भरती-ओहोटीने जी रोज भिजते आणि रोज वाळते ती. तिथे मीठही मिळते आणि हवाही. म्हणून आपल्या आयएस ४५६ मध्ये घरातल्या कोरड्या जागी सळईवर २० मिलिमीटर कव्हर पुरते, पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ लागते. हे शहाणपण फुकट आलेले नाही. गोव्यात मांडवीवरचा पूल जेमतेम पंधरा वर्षांचा असताना जुलै १९८६ मध्ये कोसळला, तोही आतल्या तारा गंजून.

कुणी म्हणेल, आपला कुंडी भंडारा १६१५ पासून पाणी देतो, त्याला काही झाले नाही. अहो, त्याच्या भिंतीत लोखंडच नाही! त्याचे दुखणे वेगळे, पाण्यातल्या चुन्याने वाटा चोंदतात.

आता आमचे. नोकरीच्या सुरुवातीला एका नाल्यावरच्या छोट्या पुलाचा स्लॅब आम्ही पास केला. संध्याकाळ झालेली, मिक्सर सुरू, मजूर ताटकळलेले. कव्हर ब्लॉक कमी पडले म्हणून सळईखाली गिट्टीचे तुकडे सरकवलेले आम्ही पाहिले, आणि सही केली. तराईही चारच दिवस झाली. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मीठ नाही. पण हवेतल्या वायूनेही क्षारपणा हळूहळू उतरतो, आणि कव्हर पातळ असले की तो सळईपर्यंत लवकर पोचतो. आज त्या पुलाखालून पाहिले तर तांबड्या सळया उघड्या दिसतात. मोजमाप पुस्तिकेत सही आमचीच आहे.

दिवाळीनंतर आपल्या समाजाच्या सभागृहाचा स्लॅब पडणार आहे. वर्गणी तुमची, आमच्या घरचीही आहे. त्या दिवशी आम्हाला मिक्सर सुरू झाल्यावर बोलावू नका. आदल्या दिवशी सकाळी बोलवा, सळई बांधून झाली की लगेच. कव्हर ब्लॉकची पाटी आम्ही सोबत आणू. आणि तराईला सात दिवस कोण पाणी मारणार, त्यांची नावे आजच कार्यवाहांकडे द्यावीत.